रस्त्यावर पडलेलं पोतं

माझ्यावर सर्वांत मोठे ऋण आहे ते आमच्या गावच्या शाळेतल्या गुरुजींचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. शिष्यवृत्ती परीक्षेच्या वर्गासाठी गुरुजी आम्हा चौघांना थंडीत, अंधार असतानाच, शेजारच्या गावी चालत नेत. पुढे पोलिसात फौजदार झाल्यावर, पुण्यातल्या एका तपासात तो रस्ता मला पुन्हा आठवला. ते प्रकरण अजून मनातून गेलेले नाही.

आयटी कंपन्यांच्या गाड्या तेव्हा नुकत्याच भल्या सकाळी धावू लागल्या होत्या. डिसेंबरात एके दिवशी, उजाडायच्या आत, मार्केट यार्डात कामाला निघालेल्या हमालाला मागून एका गाडीने धडक दिली. मांडीचे हाड मोडले. गाडी थांबली नाही. पंचनाम्यात हाती लागले ते दिव्याच्या काचेचे तुकडे आणि थंडीसाठी त्याने डोक्यावरून घेतलेली गोणपाटाची खोळ.

तिसऱ्या दिवशी कात्रजचा एक गॅरेजवाला ठाण्यात आला. एका कंपनीच्या लोकांची ने-आण करणाऱ्या जीपचा डावा दिवा त्याने बदलला होता, आणि मालकाला सांगू नका, अशी ड्रायव्हरने गळ घातली होती. फुटका दिवा त्याने ठेवून दिला होता. तुकडे जुळले.

ड्रायव्हर विदर्भातून आलेला, पंचविशीचा. धडक बसल्याचे त्याने लगेच कबूल केले. माणसाला बसली हे मात्र काही केल्या मानेना.

“साहेब, मले पोतंच वाटलं. त्या रस्त्यावर ट्रकमधून पडतच असते. नोकरी जाईन म्हणून गुपचूप काच बदलली.”

आमचे हवालदार पेठेतले. जबाब लिहिता लिहिता मान वर न करता ते म्हणाले, “बरं. आणि पोतं ओरडलं नाही का?”

मलाही तो खोटे बोलतोय असेच वाटत होते. जखमीला जाणूनबुजून टाकून पळाला असे ठरले असते, तर त्याला तुरुंग होता आणि पुढे कोणी गाडी हातात दिली नसती. म्हणून रुग्णालयात जाऊन हमालाला विचारले, तुम्ही ओरडलात का?

“वरडायला येळ कुठं गावला, सायेब? मागनं आली अन् मी आडवा. डोळं उघडलं तवा लोकं जमल्याली.”

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, त्याच जागी, तीच खोळ घालून हवालदारांना डाव्या कडेने चालायला लावले. जीप मी स्वतः हळू चालवली. डाव्या दिव्याचा बल्ब धडकेच्या आधीच जळालेला होता, असे गॅरेजवाल्याने सांगितले होते, म्हणून तो काढून ठेवला.

“बेताने, साहेब. माझी पेन्शन अजून सुरू व्हायचीय,” हवालदार म्हणाले.

दहा पावलांवर येईपर्यंत मला काहीच दिसले नाही. मग दिसले ते पोतेच. पुढे हवालदार चालत आहेत हे ठाऊक असूनही.

दोषारोपपत्रात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या. एका दिव्यावर गाडी चालवून माणूस जायबंदी केला, हा त्याचा गुन्हा. माणूस पडल्याचे त्याला कळले होते, याला पुरावा नाही. कोर्टाने दंड केला, तुरुंग टळला. खटला चालू असतानाच तो दर रविवारी हमालाकडे डबा घेऊन जाऊ लागला होता. हमाल त्याला ‘पोतंवाला’ म्हणत असे. पुढे हमाल बरा झाला आणि यार्डातच राखणीच्या कामाला लागला.

न पटणारा जबाबसुद्धा एकदा रस्त्यावर उतरून पडताळावा, हे मी त्या थंडीत शिकलो. आणखी जे शिकलो, ते जीप चालवून पाहिली त्याच आठवड्यात गुरुजींना लिहून पाठवले होते:

“आदरणीय गुरुजी, सादर नमस्कार.

आपण आम्हाला उजव्या कडेने, समोरच्या गाड्यांकडे तोंड करून चालवत होतात. प्रत्येकाच्या खांद्यावर पांढरा टॉवेल असे. पोरं आंघोळीला निघाली का, म्हणून लोक हसत. मला लाज वाटायची. आपली पाठ वळली की मी टॉवेल दप्तरात कोंबत असे. हा माझा कबुलीजबाब समजावा.

काल यार्डातल्या हमालांना साखरेची रिकामी पांढरी पोती वाटली. खोळ याची करा आणि उजवीकडून चाला, असे सांगितले. तेही हसले. पण आज सकाळी मी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो, तर पार लांबच्या वळणापासून सगळे दिसत होते.

आपला विद्यार्थी.”