माझ्या नावापुढची पट्टी

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम साठवत नाही. बाळाच्या धुवायच्या कपड्यांसारखे ते साचतात. सकाळी बादली रिकामी केली तरी संध्याकाळी भरलेलीच.

आमचं ऑफिस वणीत. कोळशाच्या ट्रकांचं वजन नोंदवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. सरांनी भिंतीवर टीव्ही लावलाय, त्यावर डॅशबोर्ड. प्रत्येकाच्या नावापुढे एक पट्टी. कामं संपली की हिरवी, तक्रारी वाढल्या की लाल. सलग दोन महिने लाल, तर कॉन्ट्रॅक्ट वाढत नाही. बाळंतपणाच्या रजेवरून परतले आणि माझा पहिलाच महिना लाल गेला. घरात सध्या पगार एकच, तोही माझा.

*

सीनियर सलीमभाईंची पट्टी कायम हिरवी. एका बटणाचा रंग बदलायचा होता, त्यांनी ते अकरा कामं म्हणून नोंदवलं. त्यात 'बटण शोधणे' हेही होतं.

मी बघतच राहिले.

"पाहून काय राह्यली ताई? अब्बांच्या गॅरेजात असं केलं असतं तर गिऱ्हाइकानं पानाच फेकून मारला असता. इथं टाळ्या भेटते."

*

वैशाली राठोड आमची टेस्टर. तिनं चूक नोंदवली की ज्याची चूक त्याची पट्टी लाल. म्हणून सगळे तिला चहाच्या टपरीवर नेतात. "लिहू नको, नुसतं सांग." त्यामुळे ती चुका पेनानं तळहातावर लिहून आणते.

एकदा भजी खाऊन तिनं हात धुतले.

"तीन गेल्या वं ताई," ती म्हणाली. "एक तुही होती. मोठी होती."

*

ती मोठी चूक राजूरजवळच्या वजनकाट्यावर निघाली. ट्रक चढला की सॉफ्टवेअर अडकायचं. काट्यावरचे मडावी काका रोज तक्रार नोंदवायचे, आणि प्रत्येक तक्रार माझ्या नावावर. दोन दिवस मी तीच चूक शोधत बसले. सापडली नाही. आधी जमायचं मला हे, की तेव्हाही जमत नव्हतं?

सर म्हणाले, "दोन दिवसांत पूर्ण कामं शून्य?"

"सर, शोधतेय."

"शोधण्याला कॉलम नाही."

मागून सलीमभाई हळूच म्हणाले, "शोधणे एक, शोधणे दोन. लिहाचं ना."

*

घरी तरी काय वेगळं! मोबाईलमध्ये पोरीचं दूध, झोप, शी, सगळं भरते. परवा ती रडत होती आणि मी ग्राफ बघत होते. "सगळं तर बरोबर दिसतंय," मी म्हटलं, "मग रडते कशाला?"

सासूबाईंनी तिला उचललं. "भूक लागली तिले. तुह्या मोबाईलले नाही लागली."

*

महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात माझी पट्टी हिरवी व्हायला लागली. आठ दिवसांत काट्यावरून एकही तक्रार नाही. सरांनी पेढे आणले. सलीमभाई म्हणाले, "मुबारक हो."

माझा विश्वास बसेना. मडावी काकांना फोन लावला.

"काका, सगळं ठीक चालू आहे ना?"

"एकदम ठीक, मॅडम. तुमचं ते बंद करून ठेवलं ना. आठ दिवस झाले, रजिस्टरात लिहून राह्यलो. आता काही तरास नाही."

सर पेढ्यांचा डबा घेऊन शेजारीच उभे होते. "काय म्हणतात काटेवाले?"

मी पेढा उचलला.

"काही तक्रार नाही, सर."