डोळ्यांसाठी राखलेली दाढ

अक्कलदाढ आली की माणसाला अक्कल येते, असं म्हणतात. दौलत पाष्ट्याला ती आली गिरण्यांच्या ऐन संपात, आणि पुढची दोन वर्षं तिने त्याचे जे हाल केले ते पाहून, असं म्हणणाऱ्यालाच एकदा ती दाढ यावी, असं मंजुळा म्हणायची. मंजुळा म्हणजे त्याची बायको. तोंडाची तिखट, पण बोलायची ते खोटं नसायचं.

दौलत तेव्हा चोवीस वर्षांचा. लालबागच्या चाळीत दहा बाय बाराची खोली, त्यात तो, मंजुळा, कडेवरची पोर आणि बाप विठोबा. विठोबाने ज्या गिरणीत तीस वर्षं काढली तिथेच पोराला चिकटवला होता, आणि तेही अशा कामाला की जिथे ऐरागैरा टिकूच नये. साच्यावर कापड विणायला घ्यायच्या आधी बीमवरचा, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावरचा, एकूण एक धागा तारेच्या बारीक नेढ्यातून ओढून घ्यावा लागतो. असे दोन-अडीच हजार धागे. मागे बसलेला गडी एकेक धागा पुढे करतो, पुढे बसलेला तो हुकाने ओढतो. एक जरी चुकला तरी सगळ्या कापडाची वाट. दौलत पुढे बसायचा. त्याची नजर अशी, की ह्याला डोळे मिटून बसवला तरी हा ओवील, असं खात्याचा मुकादम, जॉबर तात्या म्हणायचा, आणि तात्या काही उगाच कुणाचं कौतुक करणारा नव्हता.

नोकरीला लावताना बापाने पोराला एकच बजावलं होतं. बाकी काही झालं तरी निभावेल, डोळे सांभाळ.

संप लागला ब्याऐंशीच्या जानेवारीत. आठ-पंधरा दिवसांत मिटेल म्हणता म्हणता शिमगा आला. अर्धी चाळ कोकणात गेली, विठोबाही गेला, तो परत आलाच नाही. दौलत मात्र मुंबईतच राहिला. मधेच संप मिटून गिरणीचा भोंगा झाला आणि आपण गावाला असलो तर जागा दुसऱ्याला जाईल, ही त्याला धास्ती. त्याच दिवसांत त्याची उजवीकडची खालची दाढ ठणकायला लागली.

पहिल्या खेपेला कुणी मनावर घेतलं नाही. शेवटची दाढ अर्धीच वर आली होती आणि तिच्यावर हिरडीचा एक पदर टोपीसारखा बसला होता. तो सुजला, गाल सुजला, तोंडात दोन बोटं जाईनात. मंजुळा पेज करून घालायची, तीही निम्मी बाहेर. शेजारच्या गंगुबाईने मिश्री दाबून धरायला सांगितली, त्याने हिरडी अशी काही पोळली की बाप्या खांबाला धरून उभा राहिला. मग मिठाच्या गरम पाण्याच्या गुळण्या, लवंग, नाक्यावरच्या डॉक्टरच्या कॅप्सुला. पाचव्या दिवशी पू फुटला, सूज बसली, आणि दौलत म्हणाला, सुटलो एकदाचा. कसला सुटतोय! दीड महिन्यात पुन्हा तेच. मग पुन्हा. तोंडाला अशी घाण यायची की पोरगी त्याच्या कडेवर गेली की मान फिरवायची. तेवढं मात्र त्याला फार लागायचं.

दाढ काढून टाकावी, हे कुणालाही सुचेल. पण दौलतच्या खात्यात दाढ काढत नसत. त्याला कारण राजाराम. राजाराम ह्याच खात्यातला जुना गडी. त्याने एकदा दाढ काढली आणि वर्षाच्या आत त्याला धागा दिसेनासा झाला. मोतीबिंदू होता की आणखी काही, कुणी तपासलं नाही. दाढेची आणि डोळ्याची शीर एक, एवढं खात्यात ठरून गेलं. तेव्हापासून त्या खात्यातली माणसं किडक्या दाढा घेऊन म्हातारी झाली, लवंगा चघळत कण्हली, पण डॉक्टरच्या खुर्चीत बसली नाहीत. आता ह्याला मूर्खपणा म्हणायचा तर म्हणा. ज्याचं पोट डोळ्यांवर आहे त्याने डोळ्यांशी जुगार खेळावा, हे सांगायला दुसऱ्याचं काय जातं?

इकडे मंजुळाने साड्यांना फॉल लावायचं काम घरी आणलं. दिवसभर सुई. दौलत रोज संध्याकाळी दारात बसून तिच्या डब्यातल्या झाडून सगळ्या सुया ओवून ठेवायचा. दोरा एकदा जिभेला लावला की गेला आरपार. ही बायकोला मदत होती हे खरं, पण त्याच्या मनात दुसरंच होतं. नजर मोडता कामा नये. गिरणी उद्या सुरू होईल, परवा होईल, आपण तयार असलं पाहिजे.

वर्ष उलटलं. पाचव्या की सहाव्या सुजेला मंजुळाने त्याला हाताला धरून गिरगावात नेलं. तिथे एका वाडीत डॉक्टर वागळे दात बघायचे, म्हातारे, सावकाश बोलणारे. त्यांनी आरसा घालून बघितलं आणि नीट समजावलं. दाढ आडवी आली आहे, पुरती वर यायला तिला जागाच नाही. त्या पदराखाली अन्न अडकतं, कुजतं, आणि हिरडी सुजते. औषधाने सूज बसेल, पण कारण तिथेच राहील, म्हणून ती पुन्हा पुन्हा येणार. एखाद्या वेळी गळ्यात उतरली तर जिवावर बेतेल. सूज बसली की या, काढून टाकू.

आठवड्याने दौलत गेला खरा. खुर्चीत बसला, डॉक्टरांनी इंजेक्शन हातात घेतलं, आणि ह्याने त्यांचं मनगट धरलं. डोळ्याला काही होणार नाही, असं लिहून द्या म्हणाला. डॉक्टरांना हसू आलं. खालच्या दाढेचा आणि डोळ्याचा काडीचा संबंध नाही, ते म्हणाले, पण लिहून काही दिलं नाही. हसणाऱ्या माणसावर दौलतने का विश्वास ठेवावा? तो उठला आणि चालत लालबागला आला.

त्या दिवशी मंजुळा जी भडकली ती भडकली. हातातली साडी तिने भिरकावून दिली.

"गिरणी बंद पडून वर्ष झालं, आणि तुम्ही तिच्यासाठी डोळे राखताय? आधी जीव तरी राखा!"

"उद्या भोंगा झाला तर आंधळ्याला कोण आत घेईल?" दौलत म्हणाला.

मंजुळाने भिरकावलेली साडी उचलली आणि पुन्हा सुई हातात घेतली. तिलाही तो भोंगा हवाच होता.

पुढे गिरणी सुरू झाली, पण अर्धीमुर्धी. सूत निघू लागलं, साचे बंदच. तात्याला आत घेतलं. साचे फिरू लागले की तुझं खातं उघडेल, बोलावतो, असं त्याने कळवलं. झालं, दौलत रोज सकाळी गेटाशी. बोलावणं काही येईना. सूज मात्र आता महिना-महिन्याला येऊ लागली, आणि चौऱ्याऐंशीच्या मार्चमधली सगळ्यांत वाईट. जबड्याखाली गाठ, अंगात ताप, थुंकी गिळवेना. तीन दिवस त्याने चमचा-चमचा पाण्यावर काढले. आता आपण मरणार, हे त्याला पक्कं वाटलं, आणि मेलो तर डोळ्यांचं काय लोणचं घालायचंय, हेही प्रथमच मनात आलं.

चौथ्या दिवशी तात्याचा निरोप आला, गेटावर ये. गालाला टॉवेल बांधून, भिंतीला धरत धरत तो गेला. मंजुळाने देवाला साखर ठेवली.

गेटाच्या आत ट्रक उभा होता. चार गडी लोखंडी चौकटी चढवत होते. धागे ओवायच्या चौकटी. त्यातली एक त्याची होती, उजव्या पायाला तार गुंडाळलेली. ती तार त्याने स्वतः गुंडाळली होती.

"दौलत्या, आता वाट बघू नकोस रे," तात्या म्हणाला. "साचे भंगारात निघाले. कापड बाहेरून विणून येणार. खातंच राहिलं नाही, तर तुला बसवू कुठे?"

दौलतला पुष्कळ बोलायचं होतं. शिव्या द्यायच्या होत्या, विचारायचं होतं की दोन वर्षं मग कशाला झुलवलंत. तोंड उघडेना. त्याने नुसती मान हलवली. तात्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच तोंड फिरवलं.

तिथून तो बस पकडून थेट गिरगावात गेला. डॉक्टर वागळ्यांनी पू काढला, आतून धुतलं, औषध दिलं. आताच काढा, हा खुणेने म्हणत होता. डॉक्टर म्हणाले, एवढ्या सुजेत नाही. आठ दिवसांनी या. आणि जरा रागानेच पुढे म्हणाले, की दुखतं तेव्हा सगळेच काढा म्हणतात, सूज बसली की तुम्ही खुर्चीतून उठून जाता.

घरी मंजुळाने विचारलं, तर तात्या भेटलाच नाही, असं त्याने सांगितलं. आठ दिवस हेच सांगितलं. सूज बसली, ताप गेला, तो जेवायला लागला. संध्याकाळी सुया ओवायचा, पण आता खाली मान घालून.

नवव्या दिवशी काही दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दौलत उठला, आंघोळ केली आणि जाऊन दाढ काढून आला.

दुपारी मंजुळा दारात फॉल लावत बसली होती. तो जिना चढून आला तो गालात कापसाचा बोळा, ओठ बधिर, कोपऱ्यातून लाळ. तिला आधी हर्षच झाला.

"काढलीत? देवच पावला!"

आणि बोलता बोलता तिचा हात थांबला. ह्या माणसाने मरणाच्या दारात असताना जी दाढ काढली नाही, ती आज धडधाकट असताना काढली. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"तात्या भेटला होता ना?"

दौलतने मान हलवली. भेटला होता.

मंजुळाने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका बाहेर पडलाच. दोन वर्षं ती ह्याच दिवसासाठी भांडली होती, आणि आता ढसाढसा रडत होती. दौलत तिच्यासमोर खाली बसला. बोलता तर येत नव्हतं. त्याने तिच्या मांडीवरची सुई उचलली, दोरा बोटांनीच वळवला, एका दमात ओवला आणि सुई तिच्यापुढे धरली.

रडणं ऐकून गंगुबाई धावत आली. कापसाचा बोळा बघून तिने कपाळावर हात मारला. "अगो बाय! डोळा गेला काय गो ह्याचा?"

"नाही हो," मंजुळा सुई घेत म्हणाली. "डोळे चांगले आहेत त्यांचे. डोळ्यांना काही झालेलं नाही."