झेल्माची अर्धेली

तंबाखूचं पान पिकलं की नाही हे विचारायला झेल्मा प्रूइटकडे लिकिंग नदीच्या दोन्ही काठांवरची माणसं यायची. ती वावरात उतरायची, मधलंच एखादं पान बोटांत दुमडायची, उजेडाकडे धरायची आणि म्हणायची, "अजून थोडे दिवस उभं राहू दे." मग ते उभं राहायचं. तिच्या शब्दापुढे जाऊन कुणी कापणी केल्याचं मला आठवत नाही. तिचा नवरा हार्लन कोठाराच्या आढ्याला तंबाखूची पानं ओवलेल्या काठ्या वाळायला टांगायचा आणि बायकोचा डोळा हीच आपली इस्टेट, असं चारचौघांत सांगायचा.

हार्लन गेला आणि मागोमाग तंबाखूचे दिवसही गेले. कंपन्यांनी बहुतेकांचे करार मोडले, आमच्या खोऱ्यातली निम्मी कोठारं रिकामी पडली. नेमका अशा वेळी टेरिल आला.

टेरिल हा हार्लनच्या बहिणीचा मुलगा. आईबापांचं पटेना तेव्हा झेल्मानंच त्याला वाढवलं. तिच्या हातचं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव खाऊन तो मोठा झाला, आणि पुढे लेक्झिंग्टन शहरात जाऊन गोड बोलून काहीबाही विकायला शिकला.

"मामी, हेंपची फुलं लावू या," ओसरीवर बसल्या बसल्या तो म्हणाला. "भांगेचंच भावंड, पण नशा चढत नाही. तेल काढतात त्याचं, सांधे दुखणाऱ्यांसाठी."

"सांधे माझेही दुखतात, म्हणून काय भांग लावू? पाद्री काय म्हणेल?"

"पाद्र्यानं स्वतः दोन एकर लावलंय."

झेल्मा हसली. "आणि लायसन, कायदेकानू?"

"ते माझ्यावर सोड. झाडांचं तू बघ, कायद्याचं मी बघतो. रोपं माझी, जमीन तुझी. तुझ्या वाट्याची फुलंही ठरल्या भावानं मीच उचलणार, बाजार चढो की पडो. मामाच्या वेळी करायचो तशी अर्धेली करू."

अर्धेली म्हटल्यावर झेल्मानं पुढे काही विचारलंच नाही. आमच्याकडे अर्धेली म्हणजे घाम अर्धा, पीक अर्धं आणि गारा पडल्या तर गाराही अर्ध्या. हातात हात दिला की झालं. त्यावर कागद मागणं म्हणजे समोरच्याला तोंडावर खोटारडा म्हणणं. लायसनवर सही तेवढी लागेल म्हणाला, जमीन तुझी म्हणून नाव तुझं. तिनं सही करून टाकली. माणूस घरचा असला की आपण किती आंधळे होतो, याला काही सुमार नाही.

उन्हाळाभर ती त्या वावरात राबली. नर झाड दिसलं की मुळासकट उपटायचं, नाहीतर फुलात बी धरतं आणि फूल वाया जातं. तिच्या नजरेतून एकही सुटलं नाही. सप्टेंबरात फुलं अशी भरली की हात लावला तर बोटं एकमेकांना चिकटायची.

आता यातली मेख अशी. हेंपच्या फुलात नशेचा अंश असतोच, अगदी नखाएवढा. फूल जून होत जातं तसा तो वाढतो. कायद्यानं आखलेल्या रेघेच्या वर गेला की आमच्याकडे म्हणतात, पीक तापलं. मग ते हेंप राहत नाही, सरकारच्या लेखी भांगच होतं, आणि नांगराखाली घालावं लागतं. म्हणून वेळीच सरकारी माणसाला बोलवायचं, त्यानं शेंडे कापून तपासायला न्यायचे आणि मगच कापणी.

"टेरिल, फुलं भरलीत रे. बोलाव ना त्या तपासणीवालीला."

"बोलावतो. पण मला सांग मामी, पिकलंय असं वाटतं तुला?"

"तंबाखू असता तर म्हटलं असतं, अजून थोडं."

"मग थोडं थांबू. तुझ्या डोळ्यापुढे कसली आलीय तपासणी!"

झेल्मा सुखावली. हार्लननंतर असं कुणी बोललंच नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यानं पुन्हा तेच विचारलं, तिनं पुन्हा तेच सांगितलं. तंबाखू उभा ठेवला की सुधारतो, हेंप उभं ठेवलं की तापतं. एवढंच तिला ठाऊक नव्हतं, आणि सांगायला जो होता तो गोड बोलत होता.

शेवटी मिस हॉर्न नावाची तपासणीवाली येऊन शेंडे घेऊन गेली. पीक तापलं होतं. निकाल सांगायला ती स्वतः आली. झेल्मानं दिलेला गोड चहा तिनं तसाच बाजूला ठेवला.

"मला खरंच वाईट वाटतं, मिसेस प्रूइट. मी तुमच्या भाच्याला फोनवर बजावलं होतं, याच आठवड्यात मला बोलवा आणि कापून टाका म्हणून."

"कधी?"

"तीनेक आठवडे झाले असतील. त्यांनी आधीच खासगीत तपासून घेतलं होतं ना, रेघेच्या काठावर आलंय म्हणाले. मामीला लगेच सांगतो म्हणाले."

बाकीचं शेजारच्या हर्शेलनं सांगितलं. फुलांचा बाजार कोसळला होता, आणि टेरिल तर चढो की पडो म्हणून शब्द देऊन बसला होता. पीक तापलं तर त्याला उचलावं लागत नव्हतं. शब्द न मोडता शब्दातून सुटायची ती एकच वाट होती.

नांगरायच्या दिवशी शेजारी गाड्यांना टेकून उभे होते. मयताला येतात तसे आले होते. पीक मोडल्याचा पुरावा म्हणून फोटो काढायला मिस हॉर्न होती. टेरिलही आला, कोरे करकरीत बूट घालून.

झेल्मानं वावराच्या मधोमध तंबाखूची काठी रोवली. काठीपर्यंतचं सगळं नांगराखाली घातलं आणि ट्रॅक्टर थांबवला. खाली उतरताना टेरिलनं आधाराला हात पुढे केला. तिनं त्या हातात किल्ली ठेवली.

"हे काय, मामी?"

"अर्धेली. काठीच्या पलीकडचं तुझं."

तो लोकांकडे बघून हसला. "अगं, मी नुसता खरेदीदार. लायसनवर एकटीचं नाव आहे तुझं. कायद्यानं मी यात कुठेच नाही."

हर्शेल बाजूला थुंकला.

"कायद्याचं तू बघणार होतास ना?" झेल्मा म्हणाली. "छान बघितलंस. पीक गेल्याचं मला काही नाही रे, गारांनी गेलं असतं तर मी रडलेही नसते. पण माझ्या डोळ्याचं कौतुक केलंस आणि त्याच डोळ्यात धूळ फेकलीस. तुला पान बघायला मी शिकवलं होतं, टेरिल."

टेरिलनं किल्ली ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर ठेवली आणि तो गाडीकडे चालू लागला.

"उरलेलं मी करतो, काकू," हर्शेल म्हणाला.

"नको. कागदावर नाव माझं आहे." आणि ती पुन्हा वर चढली.

पुढल्या ऑगस्टात हर्शेल नेहमीसारखा तंबाखूचं एक पान घेऊन तिच्या ओसरीवर आला. त्याचा थोडासा करार अजून टिकून होता.

"बघा बरं काकू, पिकलंय का?"

तिनं पान दुमडलं, उजेडाकडे धरलं. बराच वेळ धरून ठेवलं.

"मला नाही सांगता येत आता," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाला तरी विचार."

पान पिकलेलं होतं. हर्शेलला ते वावरात तोडतानाच कळलं होतं, तो फक्त तिला विचारायला आला होता.