घट्ट वीण

बायको दुपारी झोपली की मी तिचं विणकाम उसवायचो. सुरुवात मात्र चांगल्या मनाने केली होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही मला दारात उभंच करणार नाही.

आमच्या धुळ्याला थंडी कडाक्याची पडते. पुण्याचे पाहुणे हसतात, पण त्यांनी एकदा डिसेंबरात पहाटे इथे दूध आणायला जाऊन दाखवावं. म्हणून दसरा झाला की घरात लोकर निघायची. पोरं, भाचे, शेजारीपाजारी, सगळ्यांना हिने स्वेटर विणले. हिचा हात घट्ट. टाके असे बसायचे की वाऱ्याची आत शिरायची बिशाद नव्हती. मग आमवाताने बोटं धरली. सांधे सुजले, सकाळी मूठ वळेना. जड काही उतरवायचं असलं की स्वयंपाकघरातून हाक यायची, "अहो, या जरा!" आणि मी पेपर टाकून जायचो. कुरकुरत. निवृत्त कारकुनाला दुसरं येतं काय?

तरी यंदा जळगावच्या नातीसाठी हिने गुलाबी लोकर आणायला लावली. डॉक्टरही म्हणाले, थोडं थोडं विणा, बोटं हलती राहतील. पण टाके सैल पडायचे, मधेच एखादा सुटायचा आणि खाली भोक दिसायचं. एकदा हिने सुया कॉटवर फेकल्या आणि रडायला लागली. "आता हे पण गेलं," म्हणाली. मला बघवेना.

विणायला मला येत होतं. लग्न नवं असताना गंमत म्हणून हिनेच शिकवलं होतं, सुलट-उलट. दुसऱ्या दिवशी ही झोपल्यावर मी चुकलेल्या ओळी उसवल्या, सुटलेला टाका उचलला, तेवढं परत विणलं आणि सुया होत्या तशा ठेवून दिल्या. दोरा ओढून ओढून विणलेला, त्यामुळे वीण चांगलीच घट्ट झाली. उठल्यावर हिने ती चाचपली आणि पुढची ओळ विणायला घेतली. मला वाटलं, जमलं.

मग मला चटक लागली. अहो, काय सांगू! मान अवघडायची, खांदा भरून यायचा, अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ निघायची की भाकरी मोडताना 'आई गं' व्हायचं. तरी मी दुपारची वाट बघायचो. सुयांची बारीक टिकटिक, मांडीवर वाढत जाणारं ते ऊबदार कापड, आणि डोक्यात ना वीजबिल ना शेजाऱ्याची भांडणं. ऑफिसात आयुष्य गेलं, पण माझं एकही काम असं हातात धरून बघता आलं नव्हतं. दाराला कडी लावून बसायचो. गल्लीत कुणी पाहिलं असतं तर 'आबा, आम्हालाही एक मफलर' म्हणून सगळ्यांनी वर्षभर जीव खाल्ला असता.

आणि चुकलेल्या ओळी संपल्या की मी चांगल्या ओळीही उसवू लागलो. सकाळभर दुखऱ्या बोटांनी हिने विणलेल्या, एकही टाका न चुकलेल्या. सैल आहेत, शोभणार नाहीत, असं स्वतःला बजावायचो. सगळी थाप. दुपार रिकामी जाऊ नये, एवढाच माझा मतलब होता.

एका संध्याकाळी ही स्वेटर घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. "देखा! मना हातमा जोर उना!" खुशीत आली की ही माहेरच्या अहिराणीवर येते. "बघा ना, कशी घट्ट वीण पडतेय, पहिल्यासारखी!" किती दिवसांनी तो चेहरा असा फुललेला पाहिला. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. मी उघडलं, पण "वा!" म्हणायला. वर "औषध लागू पडलं" असंही म्हणालो. इतका निर्लज्ज मी!

त्या रविवारी लेक नातीला घेऊन जळगावहून येणार, म्हणून वरण-बट्टीचा बेत होता. मोठ्या पातेल्यात बट्ट्या उकळत होत्या. मी दारापुढच्या ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. एवढ्यात हाक यायला हवी होती, ती आली नाही. हे माझ्या लक्षात आलं, आणि खरं सांगतो, बरंच वाटलं. मग पातेलं पडल्याचा आवाज आला, पाठोपाठ हिची किंकाळी. उकळतं पाणी दोन्ही पायांवर सांडलं होतं.

"हातात जोर होता हो, कसं सुटलं कळलंच नाही." दवाखान्यात ही डॉक्टरांना तेच सांगत होती, लेकीलाही तेच. लेक माझ्यावर खेकसली, "आबा, तुम्ही कुठे होतात?" मी म्हटलं, ओट्यावर.

घरी आणल्यावर ही कॉटवर पाय लांब करून बसली. पोटऱ्यांपर्यंत पट्ट्या होत्या. जरा ठणका कमी झाला तशी हिने सुया मागितल्या. मी स्वेटर हिच्या मांडीवर ठेवला, समोर बसलो आणि सगळं सांगितलं. घट्ट वीण कुणाची, तेसुद्धा.

हिने स्वेटरवरून बोटं फिरवली. मग म्हणाली, "म्हणजे माझं सगळंच चुकत होतं?"

'हो' म्हटलं असतं तर निभावून गेलं असतं. पण जीभ वळेना.

"नाही. बऱ्याच ओळी चांगल्या होत्या."

"मग त्या का उसवल्या?"

"मला विणायचं होतं."

आता ही रडेल, नाहीतर स्वेटर तोंडावर फेकेल, असं वाटलं. फेकला असता तर बरं झालं असतं. हिने नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "घरात दुसरी लोकर नव्हती का हो?"

होती. कपाटाचा अख्खा कप्पा भरून होती.