दोन बायांचा एक कोयता

निवृत्त बाईने कुठे जावं याबद्दल आपल्याकडे सगळ्यांची मतं ठरलेली असतात. काशी, रामेश्वर, नाहीतर मुलाकडे अमेरिकेत पोळ्या लाटायला. मला मुलगा नाही आणि देवांशी माझं फारसं बोलणं नाही. म्हणून मी सुरतेला गेले.

ही नव्वदच्या दशकाच्या अखेरची गोष्ट. समाजशास्त्राची प्राध्यापक म्हणून मी नुकतीच निवृत्त झाले होते. माझा विषय वर्णभेद आणि मळ्यांवरचे समाज. मॉरिशस, त्रिनिदाद, गयाना, जिथे जिथे साहेबाने ऊस लावला आणि तो तोडायला आधी आफ्रिकेतून गुलाम आणि मग आपल्याकडून करारावर मजूर नेले, तिथे जाऊन मी महिनोन्‌महिने राहिले होते. कोण कोणाच्या ओट्यावर बसतं, कोण कोणाच्या हातचं पाणी पितं, कोण कोणाशी लग्न करतं, हे विचारण्यात माझी सगळी नोकरी गेली. सुट्टीत घरी आले की नातेवाईक विचारत, "त्या काळ्या लोकांत तुला भीती नाही वाटत?" असं विचारणाऱ्या माझ्या मावशीच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईचा कप वेगळा, मागच्या खिडकीत उपडा घातलेला असे. एकदा मी बोट करून तो कप दाखवला. त्यानंतर मावशीने मला चहाला बोलावलं नाही.

दिवाळीत माझी जुनी विद्यार्थिनी प्रमिला नाशिकला भेटायला आली. ती सुरतेत लिंबायतच्या मराठी शाळेत शिक्षिका. फराळ करता करता सहज म्हणाली, "बाई, जगभरातले उसाचे मळे पाहिलेत तुम्ही. आमच्या घरामागचे कधी बघणार?"

मला राग आला. खऱ्या बोलण्याचा येतो तसा. पुढच्या आठवड्यात मी बसमध्ये होते.

नाशिकहून सुरतेला जायचं तर सापुताऱ्यावरून जाणारी एसटी घ्या. खिडकीची जागा डावीकडची मिळवा आणि घाटापूर्वी पोटभर खाऊ नका. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी वणीला तीन वडे खाल्ले होते. पुढचं सांगत नाही. घाट उतरला की सागाची झाडं, बांबूची कुंपणं, आणि मग हळूहळू पाट्या गुजराती होत जातात. सकाळी निघालेली बस दिवस कलायला सुरत स्टेशनसमोर सोडते.

प्रमिलाच्या दोन खोल्यांत गर्दी नको म्हणून मी आधी स्टेशनजवळच्या लॉजमध्ये शिरले. मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"साथे कोण छे?"

"छत्री," मी म्हणाले.

"बेन, एकली लेडीज ने रूम नथी आपता."

तीन खंडांत एकटी फिरलेल्या साठीच्या बाईला त्याने दार दाखवलं. पुढच्या लॉजमध्येही तेच. एकट्या निघालेल्या मैत्रिणींनो, लॉजच्या भरवशावर जाऊ नका, ओळखीचं घर बघून ठेवा. मी रिक्षा केली. रिक्षावाला चांगला बोलका होता, पण लिंबायतचं नाव काढताच त्याने आरशातून मला निरखलं. "त्यां तमारुं शुं काम? ए तो बधा मजूर लोक." गयानात साखर कारखान्याचा एक मॅनेजर मला मजुरांच्या वस्तीबद्दल याच सुरात बोलला होता. त्याला मी जे उत्तर दिलं होतं तेच हिंदीतून रिक्षावाल्याला दिलं. उरलेला रस्ता त्याने आरशात पाहिलं नाही.

रेल्वेचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा तो बुटका बोगदा, ओलांडला की लिंबायत सुरू होतं. यंत्रमागांचा खडखडाट आधी कानाला लागतो, मग तळपायांना. गल्ल्या अरुंद, दारं उघडी, आणि प्रत्येक दारात कोणीतरी कोणाला तरी हाका मारत असतं. दुकानदाराशी गुजराती, रस्त्यावर हिंदी आणि उंबऱ्याच्या आत अहिराणी. प्रमिलाने दारातच माझी पिशवी घेतली. "लॉजवर गेला होतात ना? मला ठाऊक होतं. बसा, शेवभाजी केलीय." तिचे यजमान पांडेसऱ्याच्या मिलमध्ये रात्रपाळीला निघाले होते, जाताना त्यांनी स्वतःची गादी माझ्यासाठी झटकून घातली. शेवभाजी इतकी तिखट होती की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते सगळं तिखटामुळेच होतं असं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोपऱ्यावरच्या गाडीवर लोचो, म्हणजे डाळीचा मऊ, मोडका ढोकळा खाल्ला. वर तेल आणि बारीक शेव, पानात गरम गरम. सुरतेला जाऊन हे खाल्लं नाहीत तर माझ्याकडे येऊन सांगू नका. मग शाळेला सुट्टी होती म्हणून प्रमिला मला डिंडोलीच्या पलीकडे घेऊन गेली. आता तिथे इमारती आहेत असं ऐकते. तेव्हा शहर एकदम संपायचं आणि ऊस सुरू व्हायचा.

धुळ्या-नंदुरबारकडून ऊसतोडीच्या टोळ्या आलेल्या होत्या. मोकळ्या माळावर बांबू आणि पाचटाची खोपटं उभी राहत होती. प्रमिलाची चुलत बहीण कमल याच टोळीत होती. तिचा नवरा आदल्या पावसाळ्यात तापाने गेला होता. ती या वेळी नणंदेला, इंदूला, बरोबर घेऊन आली होती. इंदू नवऱ्याने टाकलेली. दोघी आमच्यासाठी पोतं अंथरत होत्या तेव्हाच मला दिसलं की काहीतरी बिनसलंय. कमलचे डोळे सुजलेले होते.

ऊसतोडीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडतो, ती पाला साळते, मोळ्या बांधते, गाडीपर्यंत वाहते. बाई एकटी असेल तर ती अर्धा कोयता, आणि अर्धा कोयता मुकादम घेत नाही.

"दोघी मिळून एक व्हतो म्हटलं," कमल म्हणाली, "तर आमचा मुकादम भटूअप्पा म्हणतो, दोन अर्ध्या बायांचा एक कोयता व्हत नाही. टोळीत शिवदास म्हणून रंडका माणूस आहे. त्याच्या जोडीला मला लावतो म्हणे. त्याच्याच खोपट्यात राहायचं, आणि इंदूने एकटीने माघारी जायचं. नाहीतर उद्या कोयतापूजेच्या आधी निघा."

"आणि गावी?"

"गावी काम नाही. भाऊ पाट लावून द्यायला बसलेत. मला नको बाई पाट. तिकडे नको, इकडे पण नको."

इंदू म्हणाली, "मी तर म्हटलं, शिवदासला माझ्या जोडीला द्या, मी त्याला तोडते." कमल हसली, आणि हसता हसता पुन्हा रडली.

माझं डोकं फिरलं. गयानाच्या मळ्यावर सरदार म्हणजे मुकादमच, तोही बायांच्या अशाच जोड्या लावायचा. इकडे बंदरावर मजूर गोळा करायच्या डेपोत तर एकट्या बायांना जहाजावर चढवण्याआधी कोणाच्या तरी नावाने लावून देत. यावर मी वर्षानुवर्षं वर्ग घेतले होते. आणि इथे ते माझ्यासमोर पोतं अंथरून बसलं होतं.

लहानपणी आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर्सनी मला आवाज न चढवता माणसाला अर्धं करायला शिकवलं होतं. मी सरळ मुकादमाकडे गेले. भटूअप्पा खाटेवर बसून तंबाखू मळत होता, भोवती टोळीतले गडी. मी त्याला कायदा सांगितला, माणुसकी सांगितली, आणि शेवटी तो बाजारात गुरं जोखणाऱ्या दलालासारखा वागतोय हेही सांगितलं. गडी खाली बघायला लागले. एक जण हसला.

भटूअप्पाने तंबाखू शांतपणे तोंडात टाकली. "बाई, तुम्ही शिकलेल्या. मला एक सांगा, ट्रक भरताना फळीवरनं मोळी घेऊन वर कोण चढंल? तुम्ही?" मग तो कमलच्या खोपट्याकडे तोंड करून मोठ्याने ओरडला, "उद्या पूजेच्या वक्ताला शिवदासच्या शेजारी उभी दिसली नाही तर पहिल्या गाडीने माघारी!"

सकाळपर्यंत निदान विनवणीला जागा होती. ती मी घालवली. चार गड्यांसमोर मुकादमाचा अपमान झाल्यावर त्याला माघार घेता येत नाही, हे माझ्याच विषयातलं पहिलं पान होतं. परत आले तेव्हा प्रमिलाने माझ्याकडे पाहायचं टाळलं. कमल मात्र म्हणाली, "मावशी, बसा. चहा घ्या. तुम्ही आमच्यासाठी भांडलात, हेच पुष्कळ." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऊन उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. सगळ्या बाया चुली मांडत होत्या. शेजारची चूल मुकादमाच्या बायकोची, रुख्माकाकूची. ती पाठमोरी बसून भाकऱ्या थापत होती. कमलने मला विचारलं, "तिकडे समुद्रापार गेल्या त्या बायांनी मग काय केलं?"

मी खरं तेच सांगितलं. पुष्कळ जणींनी लावून दिलेला नवरा पत्करला. काहींना तो चांगला मिळाला, काहींना मारकुटा. पण मॉरिशसमध्ये एका म्हातारीने मला तिच्या आजीचं सांगितलं होतं. ती आजी जहाजावर दुसऱ्या एका बाईला म्हणाली, तू माझी जहाजी बहीण. एका जहाजातून आलेली म्हणजे पाठची. दोघी उतरल्या आणि म्हणाल्या, आम्ही एकाच खोलीत राहणार.

"आणि सरदार?" इंदूने विचारलं.

"त्याने शिव्या दिल्या. लांबचं, दगडाळ शेत दिलं. त्यांनी ते तोडलं. म्हातारी सांगायची, मला दोन आज्या होत्या, आजोबा एकही नव्हता, आणि कशाची कमी नव्हती."

दोघी खूप हसल्या. शेजारच्या चुलीवरून पहिल्यांदाच आवाज आला. "त्या बाया मंग एकच झोपडीमा राह्यन्यात?"

"मरेपर्यंत," मी म्हणाले.

रुख्माकाकूने भाकरी उलटली. "हं," एवढंच म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मला परतीची बस होती, पण प्रमिला आणि मी पहाटेच माळावर गेलो. उसाच्या कडेला जागा सारवली होती. सगळ्यांनी आपापले कोयते ओळीने ठेवले. प्रत्येक जोडीने पुढे यायचं, मुकादमाने नारळ ओवाळायचा, मुकादमाच्या बायकोने पात्याला हळदकुंकू लावायचं. पूजलेला कोयता ऊस न तोडता परत गेला तर अख्ख्या टोळीचा हंगाम वाईट जातो, असं ही माणसं मानतात. म्हणून कोण राहणार आणि कोण जाणार, ते पूजेच्या आधी ठरवायचं.

शिवदास नवा सदरा घालून उभा होता. बिचाऱ्याला स्वतःलाही लाज वाटत असावी, तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत होता. कमल आणि इंदू सगळ्यांच्या मागे, बोचकी बांधून. विधवेने पूजेला पुढे यायचं नसतं, म्हणून त्या आणखीच लांब. इंदूच्या हातात कमलच्या नवऱ्याचा कोयता होता.

"कमल!" भटूअप्पाने हाक मारली. कमल हलली नाही. तिची मान खाली होती, पण पाय घट्ट रोवलेले होते. मी तोंड उघडणार होते. प्रमिलाने माझा हात दाबला.

रुख्माकाकू ओळीतले कोयते संपवून उठली. सगळ्यांना वाटलं, झालं. तर ती ताट घेऊन चालत चालत थेट त्या दोघींपुढे गेली. "कोयता आठे दे."

"काकू, मी..." कमल मागे सरकली. "मला नाही चालत."

"तुले कोण लावस? मी कोयताले लावस. कोयता काय रांडाव शे का?"

आणि तिने पात्याला हळद लावली. वर कुंकू लावलं, चांगलं बोटभर. मग तो कोयता स्वतःच्या हाताने नेऊन ओळीत ठेवला.

भटूअप्पाचं तोंड उघडंच राहिलं. त्याने कोयत्याकडे पाहिलं, टोळीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. कुंकू लागलेला कोयता परत पाठवायची त्याची छाती नव्हती. "गाडी भरताना मागे पडल्या तर?" तो कसाबसा म्हणाला.

"पडन्यात तर मी शे," रुख्माकाकू म्हणाली आणि नारळाचे तुकडे वाटायला लागली. पहिला तुकडा तिने शिवदासला दिला. त्याने सुटल्यासारखा श्वास सोडला.

मला बस गाठायची होती. निघताना उसाच्या फडाकडे वळून पाहिलं. दोघींना तोडायला अगदी बांधाकडेची, तण माजलेली पात मिळाली होती. कमल तोडत होती, इंदू मोळ्या बांधत होती. थोड्या वेळाने त्यांनी कोयता बदलला. आता इंदू तोडत होती.

घरी येऊन मी सुरतेची घारी, ती तुपात घोळवलेली खव्याची मिठाई, शेजाऱ्यांना वाटली (स्टेशनजवळच्या दुकानातून घ्या, दोन दिवसांत संपवा) आणि माझ्या जुन्या टिपणवह्या काढून बसले. मळ्यांवरचे नियम कोण करतं हे मला कायम ठाऊक होतं. ते मोडले कसे जातात हे शोधताना मी नेहमी संप, मोर्चे, चौकशी समित्या बघत आले. हळदकुंकवाच्या ताटाकडे मी कधी नजरसुद्धा टाकली नव्हती. उलट या हळदकुंकवावर मी जन्मभर दातओठ खाल्ले, आणि आजही खाते, विधवेला मागे उभं करणारं तेच आहे. पण त्या सकाळी एका बाईने ते ताट उचलून नेमकं त्याच जागी नेलं. माझ्या रागापेक्षा तिचं ते "हं" लांबवर पोचलं.

उन्हाळ्यात प्रमिलाचा फोन आला. हंगाम संपला होता. कमल आणि इंदू गावी जाण्याआधी तिच्याकडे दोन दिवस राहून गेल्या, अंगाने वाळलेल्या, हातांना चिरा पडलेल्या, पण खुशीत.

"मागे पडल्या का?" मी विचारलं.

"सुरुवातीला पडल्या. काकूंनी लावला हात. नंतर शिवदासही लावायचा, न बोलता. आणि बाई, एक मज्जा सांगू? शेजारच्या टोळ्यांतल्या एकट्या बाया भटूअप्पाकडे येऊन विचारायला लागल्यात, पुढच्या वर्षी आम्हालाही जोडीने घेता का. तो हो म्हणतो. वर सगळ्यांना सांगत फिरतो की ही कल्पना माझीच."

माझ्या जिभेवर चांगलं धारदार उत्तर आलं होतं.

"फिरू दे," मी म्हणाले.