बिनहळदीचा जिताडा
वाइनचा आंबूस वास आला की खारबावची आमची पडवी आठवते. मी तेव्हा शाळेत होते. सहलवाल्या बाईने मुंबईचे पाहुणे आणले होते. वाइन त्यांची, खाडीतला जिताडा मासा आमचा. ‘हळद नको, फोडणी नको, वाइनची चव मरते,’ बाई म्हणाली. आईचा हात थांबला. ‘बाय, आमच्यात असं मयताच्या घरी रांधतात. माझा मालक आत आजारी हाय.’ बाई नुसती हसली. पाहुणे पानावर बसलेले, त्यांना उठवणार कसं? आईने गुमान मासा पांढराच उकडला. पाहुण्यांनी बोटं चाटली, दोनदा मागून घेतलं. पंधरा दिवसांत शेजारणींनी तसंच पांढरं जेवण आमच्यासाठी आणलं. आजही समोर कुणी वाइन ओतली की मी आधी ताटात हळद शोधते.