सासूबाईंच्या धुण्याखालचा वीर

माझ्या सासूबाई चौतीस वर्षं एका शूरवीराच्या पाठीवर गोधड्या आपटत होत्या. हे त्यांना ठाऊक नव्हतं, वीराची काही तक्रार नव्हती आणि कपडे पांढरेशुभ्र निघत होते. सगळं कसं सुरळीत चाललं होतं. मग मी, म्हणजे त्यांचा एकुलता एक जावई, बायकोला घेऊन चार दिवस मुक्कामाला गेलो.

मी हिंगोलीचा फोटोग्राफर. लग्नसराईत लग्नं, आणि उरलेल्या महिन्यांत कॅमेरा गळ्यात अडकवून जुने चौक, वेशी, मकबरे, म्युझियमं. (पहिल्यानं घर चालतं, दुसऱ्यानं बायकोचं तोंड.) माझ्यात दोष एकच. भव्य काही दिसलं की माझा आ वासतो, आणि आ वासला की बोट बटण दाबायचं विसरतं. चारमिनारच्या चौकात एकदा पहाटे उभा होतो. कबुतरं उडाली, मिनारांच्या टोकांवर पहिलं ऊन आलं, अंगावर सरसरून काटा आला आणि मी नुसता बघतच राहिलो. भानावर येऊन बटण दाबलं, तर समोर सिटी बस! "हैदराबादेला जाऊन बसचा फोटो आणला!" बायकोनं अख्ख्या गल्लीला सांगितलं. पुढं एका म्युझियममध्ये जुन्या तलवारीपुढं इतका वेळ उभा राहिलो, की एका मावशींनी मला पुतळा समजून शेजारी उभं राहून सेल्फी काढला.

त्या म्युझियमच्या साहेबांनी माझे फोटो पाहिले आणि परत केले. "चारमिनार सगळेच आणतात हो," ते म्हणाले. "तुमच्या जिल्ह्यातलं, कुणीच न पाहिलेलं काहीतरी आणा. त्याच दिवशी भिंतीवर लावतो." म्युझियमच्या भिंतीवर माझा फोटो! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सासुरवाडी शिरड शहापूरच्या अलीकडं. तिथं परसात सासूबाई धुणं धूत होत्या आणि धुण्याचा दगड डुगडुगत होता. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्यानं गप्प बसावं. पण मला सेवा करायची हुक्की आली.

"राहू द्या की, जावईबापू. तुमी कशाला तकलीफ घेता?"

"तकलीफ कसली, मामी! खाली दगडाची एक कपरी सरकवली की झालं."

मेहुण्यानं, गजाननानं, पहार घालून दगडाची एक बाजू उचलली. मी कपरी घेऊन खाली वाकलो आणि किंचाळलो. दगडाखालून एक गाय माझ्याकडं बघत होती!

"दाजी, काहून वरडून राहिले? इच्चू हाय का?"

"गाय हाय, गाय! पालथा कर दगड!"

गजाननानं आधी बहिणीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तरी चौघांनी मिळून दगड उलटला, भिंतीला टेकवून उभा केला, मी बादलीभर पाणी ओतलं, आणि चिखल ओघळला तसं एकेक कोरीव चित्र उघडं पडलं. खाली ढाल-तलवार घेतलेला वीर, त्याच्यामागं गुरं. मधल्या चौकटीत दोघी अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेत होत्या. सगळ्यात वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसला होता. लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीला गावानं उभा केलेला वीरगळ! मी इतके दरवाजे, इतके मकबरे पाहिले, पण असं भरून कधीच आलं नव्हतं. माझे डोळे वाहायला लागले.

"गुरं पळवणाऱ्यांशी लढला आणि पडला," मी कसंबसं सांगितलं. "शेकडो वर्षं झाली, मामी."

सासूबाई पदर सावरून पुढं झाल्या. "गुरांसाठी मेला?"

"व्हय."

"लगीन झालतं का त्याचं?"

एवढी म्युझियमं पालथी घातली, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"असंल बायको. वाट बघत असंल बिचारी," त्या म्हणाल्या, आणि एकदम तोंडाला पदर लावला. "आगं बाई! आन मी ह्याच्या पाठीवर गोधड्या बडवल्या!"

तोवर गाव गोळा झालं. पाटे-जात्यांना टाकी लावणारे करीमचाचा आले. त्यांनी गायीच्या कानावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. "जमाईबाबू, जिंदगी गेली माझी दगड फोडण्यात," ते हळूच म्हणाले. "असा एक कान न्हाई निघत माझ्यानं. क्या हाथ था!"

इथपर्यंत सगळं उत्तम होतं. मग मागून कुणीतरी ओरडलं, "शेंदूर आणा!"

एकदा शेंदूर चढला की कोरीवकाम गेलं! गाय गेली, अप्सरा गेल्या, म्युझियमची भिंत गेली! मी दगडापुढं हात पसरून उभा राहिलो. "शेंदूर नको! फोटो होऊ द्या!"

"मग काढा की फोटो!"

"आता न्हाई निघत! ऊन डोक्यावर हाय. तिरपं ऊन पडलं तरच नक्षी उठून दिसती. पाच वाजेस्तोवर थांबा!"

"जावईबापू," सासूबाई पहिल्यांदाच कडक आवाजात बोलल्या, "पाच वाजेस्तोवर देवाला असं उघडं ठेवायचं व्हय?"

मी अक्षरशः पाया पडलो. जावई सासूच्या पाया पडतोय म्हटल्यावर (एरवी पडतो, पण इतका जोरात नाही) त्यांना दया आली. ठरलं. पाच वाजता, एकच फोटो, आणि लगेच शेंदूर. पाच वाजेपर्यंत वीरापुढं अकरा नारळ, तीन पुरणपोळ्या आणि कुणाच्या तरी सोयाबीनची पहिली ओंजळ जमली. सासूबाई वाटीत शेंदूर-तेल कालवून माझ्या उजव्या हाताला बसल्या, पैलवानासारख्या दबा धरून.

पाच वाजले. तिरपं ऊन दगडावर आलं आणि काय सांगू! गुरांची वशिंडं उठली, तलवारीला धार आली, वीर दगडातून बाहेर पाऊल टाकतोय असं वाटलं. सारं गाव आ वासून बघायला लागलं. माझाही आ वासला. मी भारल्यासारखा एक पाऊल पुढं गेलो, आणखी एक, आणखी एक...

"दाजी! दाबा की!" गजानन ओरडला.

मी दचकून बटण दाबलं. खट्!

थप्प! सासूबाईंचा शेंदराचा पहिला हात बरोबर गायीवर बसला. पुढच्या दहा मिनिटांत गाय, वीर, अप्सरा सगळे एकाच केशरी रंगात गेले, आणि आरती सुरू झाली. नवा धुण्याचा दगड दुसऱ्या दिवशी करीमचाचांनी आणून दिला. सासूबाईंनी तो आधी दोन्ही बाजूंनी तपासून घेतला.

फोटो मी रात्री पाहिला आणि मटकन खाली बसलो. ऊन झकास, नक्षी झकास, आणि मधल्या चौकटीवर आडवीतिडवी पसरलेली माझी सावली! दुसरा फोटो नव्हता, आणि आता कधी मिळणारही नव्हता. लाज गिळून तोच पाठवला.

आठवड्यानं साहेबांचा फोन आला. "अप्रतिम! भिंतीवर लावतोय!" मी आनंदानं उभाच राहिलो. "फक्त एक शंका आहे. वीरगळावर नंतर कुणीतरी काळ्या रंगात एक आकृती रंगवलेली दिसते. पोट सुटलेलं, मान जवळजवळ नाहीच. आमच्यात दोन मतं पडली आहेत. काही म्हणतात कुबेर, काही म्हणतात राक्षस. तिथले स्थानिक लोक काय मानतात?"

खरं सांगायची माझी छाती झाली नाही. मी फोनवर हात ठेवला आणि स्थानिक लोकांना, म्हणजे बायकोला, विचारलं. तिनं फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मेथी निवडता निवडता एका शब्दात निकाल दिला.

म्युझियममध्ये गेलात तर फोटोखालची पाटी जरूर वाचा. "मध्यभागी: स्थानिक समजुतीनुसार राक्षस."